गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी गावापर्यंत नेताना: शिबिराची आखणी उपचारापासून उलटी करावी

तालुक्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करायचे ठरते, तेव्हा पहिल्या बैठकीत बहुधा तारीख, मंडप, पाहुणे आणि ‘किती बायका येतील’ एवढेच ठरते. ज्या स्त्रीच्या तपासणीत काही निघेल तिचे पुढे काय करायचे, हा प्रश्न शिबिर संपून यादी हातात आल्यावर पडतो. तोपर्यंत ती स्त्री शेतावर किंवा ऊसतोडीला गेलेली असते, यादीतला फोन नंबर पुतण्याचा निघतो आणि तिला फक्त एवढेच कळलेले असते की ‘पिशवीच्या तोंडाला काहीतरी आहे’. अशा वेळी तपासणी न झालेलीच बरी, असे म्हणण्याची पाळी येते, कारण भीती तिच्या पदरात पडते आणि उपचार पडत नाही.

हा लेख प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी, आशाताई, महिला बचत गट आणि गावपातळीवर काम करणाऱ्या संस्था यांच्यासाठी आहे. उदाहरणे मुख्यतः मराठवाड्यातील आहेत. प्रत्यक्ष तपासणी आणि उपचार प्रशिक्षित व्यक्तीनेच करायचे आहेत, हा लेख प्रशिक्षणाची जागा घेत नाही. त्या प्रशिक्षित हातांभोवतीची व्यवस्था कोणत्या क्रमाने उभी करायची आणि ती कुठे मोडते, एवढेच येथे सांगायचे आहे.

टप्पा १ : उपचाराची वाट आधी पक्की करा

पहिल्या स्त्रीची तपासणी होण्याआधी चार प्रश्नांची लेखी उत्तरे एका कागदावर असली पाहिजेत. तो कागद भरला नसेल तर तारीख जाहीर करू नये.

पहिला प्रश्न असा, की कर्करोगाच्या आधीची अवस्था असलेला साधा डाग सापडला तर तो जाळण्याचा किंवा गोठवण्याचा उपचार कोण, कुठे आणि कोणत्या दिवशी करणार? दुसरा प्रश्न, तो उपचार ज्यांना चालत नाही त्यांची कॉल्पोस्कोपी (भिंगाच्या यंत्रातून गर्भाशयमुख पाहणे) आणि तारेच्या विद्युत फासाने भाग काढण्याची ‘लीप’ ही छोटी शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात होईल आणि तिथल्या स्त्रीरोग बाह्यरुग्ण विभागाचे वार कोणते? तिसरा, कर्करोगाचा संशय आला तर बायॉप्सी (छोटा तुकडा काढून तपासणे) कुठे होईल आणि अहवाल किती दिवसांत मिळेल? चौथा, कर्करोग निश्चित झाला तर किरणोपचाराची सोय असलेले जवळचे केंद्र कोणते? धाराशिव आणि सोलापूरच्या भागाला बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय जवळ पडते. बीड-जालन्याला छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, विदर्भाला नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि अखेर सगळ्यांनाच मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. केवळ रुग्णालयाचे नाव लिहून भागत नाही. तिथे कोणत्या खिडकीवर जायचे आणि कोणाशी बोलायचे, हेही लिहून घ्यावे.

किती जणींची सोय लागेल याचा अंदाज बांधता येतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर जो मोठा अभ्यास झाला, त्यात व्हीआयए या डोळ्यांनी पाहून करायच्या तपासणीत सुमारे १४ टक्के, तर एचपीव्ही या हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या चाचणीत सुमारे १० टक्के स्त्रिया ‘पॉझिटिव्ह’ आल्या होत्या. म्हणजे व्हीआयएने ३०० स्त्रिया तपासायच्या असतील तर चाळीसेक जणींना पुढे काही ना काही लागेल, असे धरून चालावे. तपासणाऱ्या हातांनुसार आणि गावानुसार हा आकडा बदलतो, पण सोय मात्र या मापाने करून ठेवावी. जिल्हा रुग्णालयात आठवड्याला चार जणींचीच कॉल्पोस्कोपी होणार असेल, तर ३०० जणींचे शिबिर घेऊ नये. पन्नास-साठ जणींची छोटी सत्रे दर पंधरवड्याला घ्यावीत. मोठ्या शिबिराचे छायाचित्र चांगले येते, पण छोट्या सत्रांतून उपचार पुरे होतात.

याच टप्प्यात कागदपत्रे पाहावीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि शिधापत्रिका व आधार ही त्याची किल्ली आहे. अडचण बहुधा नावात येते. आधारवर माहेरचे नाव आणि शिधापत्रिकेवर सासरचे, किंवा विभक्त झाल्यावर शिधापत्रिकेवर नावच नाही, असे प्रकार नेहमीचे आहेत. निदान झाल्यावर तहसीलच्या चकरा सुरू झाल्या की उपचाराचे पहिले आठवडे त्यात जातात. म्हणून आशाताई घरी जातील तेव्हाच दोन्ही कागदांवरची नावे जुळवून पाहावीत आणि दुरुस्ती तपासणीच्या आधीच सुरू करावी.

*थांबून पाहा :* चारही उत्तरांत ठिकाण, वार आणि जबाबदार व्यक्तीचे पद लिहिलेले आहे का? ‘जिल्ह्याला पाठवू’ हे उत्तर धरले जात नाही.

टप्पा २ : तपासणीची पद्धत निवडा

तीन पद्धती वापरात आहेत आणि निवड आपल्या भागात काय पुरे होऊ शकते यावर करायची आहे.

एचपीव्ही चाचणीत योनीतून किंवा गर्भाशयमुखावरून घेतलेल्या नमुन्यात विषाणू शोधला जातो. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली पसंती हिलाच आहे आणि धाराशिवच्या अभ्यासातही प्रगत अवस्थेतील कर्करोग व त्यामुळे होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने घटलेले दिसले ते एचपीव्ही चाचणी झालेल्या गटातच. या चाचणीचा मोठा गुण असा, की नमुना स्त्रीला स्वतःच आडोशाला जाऊन घेता येतो. टेबलावर झोपण्याच्या संकोचामुळे ज्या येत नाहीत, त्या यासाठी येतात. अडचण प्रयोगशाळेची, खर्चाची आणि निकाल येईपर्यंतच्या दिवसांची आहे.

व्हीआयए म्हणजे गर्भाशयमुखावर पातळ ॲसिटिक ॲसिड लावून एका मिनिटाने डोळ्यांनी पाहणे. निकाल जागेवर मिळतो, खर्च थोडा येतो आणि प्रशिक्षित परिचारिका ती करू शकते. मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून चाललेल्या अभ्यासात प्राथमिक आरोग्य सेविकांनी केलेल्या व्हीआयएमुळे या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. मात्र सगळी मदार पाहणाऱ्याच्या नजरेवर असते आणि ती नजर सरावाने येते, सराव सुटला की जाते.

पॅप स्मिअरमध्ये पेशींची काच तयार करून तज्ज्ञाकडे पाठवली जाते. शहरात जिथे अहवाल आठवड्यात मिळतो आणि स्त्रीला परत बोलावता येते, तिथे ही चाचणी चालते. दुर्गम तालुक्यात काचा महिनोन्‌महिने पडून राहतात, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि म्हणून तिथे ती निवडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

निकालाची वाट पाहण्यासाठी लागणारा दुसरा फेरा तुमच्या भागातील स्त्री करू शकते का, या एका प्रश्नावर निवड ठरवावी. करू शकत नसेल तर व्हीआयए आणि त्याच दिवशी उपचार. करू शकत असेल आणि प्रयोगशाळा मिळत असेल तर एचपीव्ही.

टप्पा ३ : कोणाला बोलवायचे, कोणाला नाही

सरकारी कार्यक्रमात तिशीपासून तपासणी आहे आणि व्हीआयए दर ५ वर्षांनी करायची आहे. साधने अपुरी असतील तर ३० ते ४९ वयाच्या, आणि त्यातही एकदाही तपासणी न झालेल्या स्त्रिया आधी घ्याव्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील या वयाच्या जेमतेम १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधी तरी झालेली होती. तेव्हा मागच्या शिबिराला आलेल्या उत्साही स्त्रियांनाच पुन्हा तपासून आकडा भरू नये. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांमध्ये हा आजार लवकर आणि वेगाने वाढतो, म्हणून त्यांची तपासणी २५ व्या वर्षापासून आणि दर ३ ते ५ वर्षांनी व्हावी. त्यांना शिबिरात वेगळे ओळखू येईल अशी कोणतीही व्यवस्था मात्र करू नये. एआरटी केंद्रामार्फतच, म्हणजे जिथे त्यांना एचआयव्हीची औषधे मिळतात तिथूनच, त्यांना वेळ द्यावी.

यादीतून पुढील स्त्रिया वेगळ्या काढाव्यात.

१. गरोदर स्त्रिया. त्यांना बाळंतपणानंतर १२ आठवड्यांनी बोलवावे.
२. पाळी चालू असलेल्या स्त्रिया. त्यांना पाळी संपल्यानंतरची तारीख द्यावी.
३. दुसऱ्या आजारासाठी गर्भाशय मुखासह पूर्ण काढलेल्या स्त्रिया.
४. पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या स्त्रिया. त्यांच्यात पाहायचा भाग आत सरकलेला असतो आणि व्हीआयए फसते. त्यांना एचपीव्ही चाचणीसाठी किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

तिसऱ्या गटाबद्दल बीड जिल्ह्यात विशेष काळजी घ्यावी लागते. तिथे २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांचे सर्वेक्षण झाले, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यादी करताना ‘पिशवी काढली आहे का’ एवढेच विचारून चालत नाही. कधी काढली, कशासाठी काढली आणि तपासणीला दिलेल्या तुकड्याचा कागद आहे का, हेही विचारावे. कर्करोगाच्या आधीच्या अवस्थेसाठी गर्भाशय काढले असेल तर त्या स्त्रीला पुढेही पाहत राहावे लागते.

*इशारा :* संभोगानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, यांपैकी काहीही असलेली स्त्री ‘आज रक्त जाते आहे, नंतर या’ असे सांगून परत पाठवू नये. ती या यादीची नव्हेच. तिला त्याच आठवड्यात डॉक्टरांनी पाहिले पाहिजे, मग तिचे वय २८ असो की ७०.

टप्पा ४ : तारीख, जागा आणि सामान

तारीख आरोग्य खात्याच्या वार्षिक उद्दिष्टावरून ठरवली जाते, तिथे चूक होते. मराठवाड्यातील कोयते, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या जोड्या, दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलनंतर परततात. मार्चअखेरचे शिबिर म्हणजे ज्यांना तपासणीची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्याविना होणारे शिबिर. जूनमध्ये पेरणी आणि पुढे खुरपणी असते. माझ्या अनुभवात अक्षय्य तृतीयेनंतरचे मे महिन्यातील दिवस सर्वांत चांगले, आणि त्यानंतर श्रावण. सप्टेंबरअखेर तपासलेल्या स्त्रीला उपचारासाठी दोन-तीन आठवडेच हातात राहतात, कारण मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि जोडी निघाली की तीही निघते.

जागा उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचीच घ्यावी. समाजमंदिरात पडदा बांधून तपासणी करू नये. दाराला आतून कडी, जवळ शौचालय, पाणी, आणि तपासणीच्या खोलीतून बाहेरच्या रांगेला काहीही ऐकू जाणार नाही एवढे अंतर, या चार गोष्टी आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहाव्यात.

सामानात सर्वांत जास्त गोंधळ स्पेक्युलमचा, म्हणजे गर्भाशयमुख दिसावे म्हणून योनीत बसवायच्या साधनाचा होतो. जितक्या स्त्रिया तितके निर्जंतुक स्पेक्युलम, शिवाय काही वरचे आणि निरनिराळ्या मापांचे, असा हिशेब ठेवावा. दहा स्पेक्युलम घेऊन साठ जणी तपासायला बसले की दुपारपर्यंत ते नुसते पाण्याने धुऊन परत वापरले जाऊ लागतात आणि त्याला कोणतीही सबब चालणार नाही. वापरलेले स्पेक्युलम ०.५ टक्के क्लोरीनच्या द्रावणात १० मिनिटे, मग साबणाने धुणे, मग ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने) निर्जंतुक करणे, हा क्रम मोडू नये. एका परिचारिकेने दिवसाला पंचवीस-तीसहून जास्त तपासण्या करू नयेत. त्यापुढे नजर थकते. झगझगीत पांढरा दिवा, तो बंद पडला तर चार्ज केलेला टॉर्च, हातमोजे, कापसाचे बोळे, लांब चिमटा, पिवळ्या व लाल कचरा-पिशव्या आणि एक मिनिट मोजायला सेकंदकाटा असलेले घड्याळ, हे बाकीचे सामान.

ॲसिटिक ॲसिडचे द्रावण त्याच दिवशी सकाळी तयार करावे. ५ टक्क्यांसाठी ५ मिलिलिटर ग्लेशियल (पाणी न मिसळलेले, तीव्र) ॲसिटिक ॲसिड ९५ मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात मिसळावे आणि उरलेले संध्याकाळी टाकून द्यावे.

*इशारा :* मूळ ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडची बाटली तपासणीच्या खोलीत आणूच नये. ते चुकून तसेच लागले तर गंभीर भाजते. तयार द्रावणाच्या बाटलीवर टक्केवारी, तारीख आणि तयार करणाऱ्याची सही असावी आणि दुसऱ्या व्यक्तीने ती वाचल्याशिवाय काम सुरू करू नये.

टप्पा ५ : बोलावणे

दवंडी आणि ध्वनिक्षेपकाने हे काम होत नाही. आशाताईंनी घरोघरी जाऊन, शक्यतो स्त्री एकटी असताना सांगावे लागते. ‘कॅन्सरची तपासणी आहे’ अशी सुरुवात केली की दार मिटते. ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी आहे, पाच मिनिटे लागतात, भूल नाही, सुई नाही, काही सापडलेच तर कॅन्सर व्हायच्या आधीच थांबवता येते’ एवढे पुरते.

तीन प्रश्न हमखास येतात आणि आशाताईंना त्यांची उत्तरे पाठ असावीत. ‘मला काही त्रास नाही, मग कशाला?’ याचे उत्तर असे, की त्रास सुरू होण्याआधीच हा आजार पकडायचा असतो, कारण विषाणू शिरल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षे जातात आणि त्या काळात काहीच दुखत नाही. ‘पिशवी काढायला लावतील का?’ याचे उत्तर ठाम ‘नाही’ असले पाहिजे आणि पुढे आपली व्यवस्था त्या शब्दाला जागली पाहिजे. तिसरा प्रश्न सहसा उघड विचारला जात नाही, तो चारित्र्याचा असतो. एचपीव्ही हा संबंधांतून पसरणारा विषाणू असला तरी वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुतेकांना तो आयुष्यात कधी तरी होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. तो कोणाकडून आणि कधी आला हे सांगता येत नाही. हे सासूबाईंसमोर नव्हे, त्या स्त्रीला एकटीला सांगावे.

मुलींच्या लसीविषयीही विचारले जाईल. ती ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी सर्वांत उपयोगी आहे, आईची तपासणी तिने टळत नाही, आणि लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तिशीत तपासणी करावीच लागेल.

टप्पा ६ : तपासणीच्या दिवशीचा क्रम

१. नोंदणीच्या टेबलावर नाव, वय, पत्ता, शेवटच्या पाळीची तारीख आणि दोन फोन नंबर घ्यावेत. एक तिचा स्वतःचा, दुसरा तिने निवडलेल्या व्यक्तीचा. ‘या नंबरवर निकाल सांगितला तर चालेल का?’ असे विचारून होकार लिहून ठेवावा. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीकडून कारखान्याचे गाव आणि मुकादमाचा नंबरही घ्यावा, मात्र त्या नंबरवर निरोपापलीकडे काहीही सांगायचे नाही अशी खूण करावी.

२. संमती घ्यावी. अंगठा उमटवून घेण्याआधी काय करणार, काय सापडू शकते आणि सापडले तर आजच काय उपचार होऊ शकतो, हे तिच्या बोलीत सांगावे. उपचाराची संमतीची चर्चा आधीच झालेली असली म्हणजे नंतर टेबलावर पडलेल्या, घाबरलेल्या स्त्रीला पहिल्यांदा सगळे सांगण्याची वेळ येत नाही.

३. लघवी करून यायला सांगावे. हे विसरले की तपासणी त्रासदायक होते.

४. स्पेक्युलम कोमट पाण्याने ओला करून सावकाश बसवावा. आधी द्रावणाशिवाय गर्भाशयमुख नीट पाहावे. वाढलेली गाठ, व्रण, हात लावताच वाहणारे रक्त दिसले तर इथेच थांबावे. ही स्त्री व्हीआयएची राहिली नाही, थेट बायॉप्सीची झाली.

५. एचपीव्हीचा नमुना घ्यायचा असेल तर तो द्रावण लावण्याआधी.

६. चिकट स्राव बोळ्याने हलकेच पुसून, ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावून घड्याळ पाहून पूर्ण एक मिनिट थांबावे. थोडे चुरचुरेल हे तिला आधी सांगावे. सर्वांत जास्त चुका या एका मिनिटात होतात. रांग मोठी असते, वीस सेकंदांनी पाहिले जाते आणि डाग उमटण्याआधीच ‘निगेटिव्ह’ लिहिले जाते.

७. गर्भाशयमुखाच्या दोन आवरणांची जिथे सीमा आहे, तिला लागून दाट, पांढराशुभ्र, स्पष्ट कडांचा डाग उमटला तर निकाल ‘पॉझिटिव्ह’. सीमेपासून दूरचे फिकट, विरळ पांढरेपण किंवा चिकट द्रवाने भरलेल्या छोट्या पुटकुळ्या म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे. सीमा पूर्ण दिसतच नसेल तर ‘निगेटिव्ह’ न लिहिता ‘अपुरी तपासणी’ असे लिहून पुढे पाठवावे.

८. जे दिसले त्याचे चित्र वर्तुळ काढून, घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे जागा दाखवून, त्याच क्षणी कागदावर काढावे.

*थांबून पाहा :* दिवसभरात एकही पॉझिटिव्ह नाही, किंवा दर तिसरी स्त्री पॉझिटिव्ह, असे झाले तर आनंद किंवा घबराट न करता दुसऱ्या दिवशीचे सत्र अनुभवी डॉक्टरांच्या उपस्थितीत घ्यावे. नजर चुकत असण्याची शक्यता मोठी असते.

टप्पा ७ : निकाल सांगणे

निकाल एकटीला, कपडे नीट करून बसल्यावर, दार लावून सांगावा. एका शिबिरात पॉझिटिव्ह स्त्रियांची नावे पुकारून त्यांना वेगळ्या बाकावर बसवलेले मी पाहिले आहे. त्या बाकावरून दोघी जेवणाच्या वेळी निघून गेल्या आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर यादी टाकणे तर त्याहून वाईट.

‘पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे’ हे वाक्य पहिले यावे. त्यापुढे पुढची पायरी, तिची तारीख आणि तिच्यासोबत कोण येणार हे सांगावे. निगेटिव्ह आलेल्या स्त्रीलाही रिकाम्या हाताने पाठवू नये. पुढील तपासणीचे वर्ष लिहिलेले कार्ड द्यावे आणि मधल्या काळात रक्त गेले तर पाच वर्षे थांबायचे नाही, हे बजावावे.

टप्पा ८ : त्याच दिवशी उपचार कोणाचा करायचा

थर्मल ॲब्लेशनचे, म्हणजे उष्णतेने डाग जाळण्याचे, हातात धरायचे बॅटरीवरील यंत्र आता मिळते. त्याचे टोक १०० अंश सेल्सियसला तापवून २० ते ३० सेकंद लावले जाते. गोठवण्याच्या पद्धतीत ३ मिनिटे गोठवणे, ५ मिनिटे थांबणे, पुन्हा ३ मिनिटे गोठवणे असा क्रम आहे, पण गॅसचे जड सिलिंडर गावोगावी न्यावे लागतात आणि ते नेमके मध्येच संपतात. नव्याने सामान घेणाऱ्यांनी यंत्रच घ्यावे.

हा उपचार सगळ्यांना चालत नाही. डाग संपूर्ण दिसला पाहिजे, तो गर्भाशयमुखाच्या आतील नळीत शिरलेला नसावा, दिसणाऱ्या भागाच्या तीन-चतुर्थांशापेक्षा मोठा नसावा, यंत्राच्या टोकाखाली मावला पाहिजे, स्त्री गरोदर नसावी आणि कर्करोगाचा जराही संशय नसावा. यांतील एकही अट हुकली तर कॉल्पोस्कोपीसाठी पाठवावे. ‘परत यायची नाही, म्हणून आजच जाळून टाकू’ हा मोह समजण्यासारखा आहे, पण खाली दडलेला कर्करोग वरून जाळला तर तो काही महिने झाकला जातो आणि तेवढ्यात पुढची अवस्था गाठतो.

उपचारानंतर तीन-चार आठवडे अंगावरून पाण्यासारखा स्राव जातो. हे आधी सांगितले नाही तर ती घाबरून दुसऱ्याच दवाखान्यात जाते आणि तिथे तिला पिशवी काढण्याचा सल्ला मिळू शकतो. चार आठवडे संबंध टाळायचे असतात. हे पतीला सांगावे लागते आणि अनेक घरांत ते ती स्वतः सांगू शकत नाही. तिची परवानगी असेल तर डॉक्टरांनी पतीला बोलावून ‘आतली जखम भरायला चार आठवडे लागतात’ असे सरळ सांगावे. ताप, पोटात तीव्र दुखणे, पाळीपेक्षा जास्त रक्त किंवा दुर्गंधी आली तर कुठे यायचे, ते कार्डावर लिहून द्यावे.

*इशारा :* डाग सापडला म्हणून थेट गर्भाशय काढण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो मान्य करू नये आणि आशाताईंनी लगेच वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. कर्करोगाच्या आधीच्या डागासाठी सहसा एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेची गरज नसते. आणि बायॉप्सी न करता गर्भाशय काढल्यावर आत कर्करोग निघाला तर योग्य शस्त्रक्रियेची संधी गेलेली असते आणि पुढचा उपचार अवघड होतो.

टप्पा ९ : कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीसोबत चालणे

येथे चिठ्ठी देऊन चालत नाही, माणूस सोबत द्यावा लागतो. पहिल्या भेटीला आशाताई किंवा संस्थेची कार्यकर्ती सोबत जावी, योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राशी गाठ घालून द्यावी आणि परतण्याआधी पुढची तारीख लिहून घ्यावी. सोबत बायॉप्सीचा अहवाल, काचा किंवा ब्लॉक (मेणात बसवलेला बायॉप्सीचा तुकडा), तपासणीचे चित्र, शिधापत्रिका, आधार आणि त्यांच्या प्रती असाव्यात. नुसता अहवाल नेला आणि ब्लॉक जिल्ह्यालाच राहिला, म्हणून एक फेरा वाया जाणे फार नेहमीचे आहे.

घरच्यांना काळाची कल्पना द्यावी. सुरुवातीच्या अवस्थेत शस्त्रक्रियेने भागू शकते. आजार पसरू लागलेला असेल तर साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस बाहेरून किरणोपचार, ज्याला बायका ‘शेक’ म्हणतात, सोबत आठवड्यातून एकदा औषधाची बाटली (केमोथेरपी), आणि त्यानंतर आतून देण्याचा किरणोपचार असतो. हे सारे आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हायला हवे. पाच आठवड्यांनी बरे वाटू लागते, घरी लेकरे वाट पाहत असतात आणि आतला शेक न घेता स्त्री गावी परतते. अर्धवट उपचाराचे हे सर्वांत मोठे कारण मी पाहिले आहे. म्हणून पहिल्याच दिवशी ‘बाहेरचा आणि आतला, दोन्ही मिळून एकच उपचार’ असे सांगावे आणि आतल्या उपचाराच्या तारखेला गावातून कोणी तरी पुन्हा जावे.

राहण्याची सोय आधी विचारून ठेवावी. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती येथे कर्करोगाच्या रुग्णांची राहण्याची सोय होते. रेल्वेच्या भाड्यात कर्करोगाच्या रुग्णांना सवलत आहे, त्यासाठीचे प्रमाणपत्र रुग्णालयातूनच भरून घ्यावे लागते. एसटीत स्त्रियांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहेच. या काळात घरी गुरे कोण पाहील आणि लेकरांना कोण जेवू घालील, हा प्रश्न उपचाराइतकाच खरा आहे आणि बचत गट तो सोडवू शकतो. मी पाहिलेल्या ज्या गावांत गटातील स्त्रियांनी आळीपाळीने घर सांभाळले, तिथे उपचार पुरे झाले.

टप्पा १० : वही

पोर्टलवर नोंद करावीच, पण एक जाड वही प्राथमिक आरोग्य केंद्रात वेगळी ठेवावी आणि तिच्यात फक्त पॉझिटिव्ह, अपुरी तपासणी आणि संशयित अशा स्त्रियांचीच नावे असावीत. ती कपाटात कुलपाखाली ठेवावी. रकाने थोडे ठेवावेत : निकालाची तारीख, पुढची पायरी, ती कधी व्हायची होती, प्रत्यक्षात कधी झाली, आणि झाली नसेल तर कारण. दर महिन्याच्या आशा बैठकीत पहिली पंधरा मिनिटे ही वही उघडावी आणि ‘प्रत्यक्षात कधी झाली’ हा रकाना रिकामा असलेल्या प्रत्येक नावाची जबाबदारी एका व्यक्तीकडे द्यावी. अहवालात ‘किती तपासल्या’ या आकड्याच्या शेजारी ‘पॉझिटिव्हपैकी कितींचा उपचार पुरा झाला’ हा आकडा लिहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या उद्दिष्टात ७० टक्के स्त्रियांच्या तपासणीसोबत, आजार सापडलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार हेही तितकेच महत्त्वाचे धरले आहे.

उपचार झालेल्या प्रत्येक स्त्रीची १२ महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची असते, शक्य असेल तर एचपीव्ही चाचणीने. तारीख घालताना कॅलेंडरचे बारा महिने मोजून थांबू नये. नोव्हेंबरमध्ये उपचार झालेल्या स्त्रीला पुढच्या नोव्हेंबरची तारीख दिली तर ती त्या दिवशी कारखान्यावर असेल. तिच्या कार्डावर त्यापुढच्या मे महिन्याची तारीख घालावी, सोबत ‘अक्षय्य तृतीयेनंतरचा पहिला सोमवार’ असे शब्दांत लिहावे, आणि तीच ओळ आशाताईंच्या डायरीत उतरवून ठेवावी.